धरलेली जागा

माझे वडील एसटीत कंडक्टर होते, हे मी चेन्नईत कुणालाच सांगितलेलं नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा. आमच्या सिरुसेरीच्या ऑफिसात लोक कॉलेज विचारतात, पगार आडून आडून विचारतात, फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते विचारतात. वडील काय करायचे हे कोण कशाला विचारेल? तरी 'ट्रान्सपोर्टमध्ये होते' असं उत्तर मी तयार ठेवलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ते गेल्यावर आईला मी कराडहून इकडे आणलं. घर सिरुसेरीतच, घरात आम्ही दोघीच. चौदावा मजला, दोन लिफ्ट, खाली पोहायचा तलाव, फाटकाशी सलाम ठोकणारे गार्ड. आईने सगळं कौतुकाने पाहून घेतलं आणि आठवड्याभरात विचारलं, "इथनं गाडी कुठं मिळती गं?" गाडी म्हणजे बस. माझी कार खाली उभी असली तरी आईच्या लेखी ती गाडी नव्हती.

चेन्नईत साध्या बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. त्या बसचं तोंड गुलाबी रंगवलेलं असतं, त्यामुळे अक्षर न वाचताही ती ओळखता येते. आईला तमीळ कुठून यायला? तिने रंग ओळखला आणि निघाली. सारा जन्म कंडक्टरची बायको म्हणून काढलेल्या बाईला म्हातारपणी बसच फुकट मिळाली, तर ती घरी बसेल होय? टी. नगरला जाऊन दुकानांच्या काचेतल्या कांजीवरम साड्या बघून आली, एक चिंधीसुद्धा न घेता. एग्मोरला जाऊन नुसतं स्टेशन बघून आली. रात्री जेवताना मला सगळं सांगायची. मी लॅपटॉपवरून मान न काढता 'हं, हं' करायचे.

त्या 'हं, हं'मधूनच मला कळलं की तिला बसमध्ये एक मैत्रीण मिळाली आहे.

एका मंगळवारी बस वळणावर कलली आणि आईच्या तोंडून "अगं बाई गं" निघालं. पुढच्या सीटवरच्या म्हातारीने गर्रकन मान वळवली. "तुम्ही मराठी की?" तिचं घराणं तंजावरचं, कितीतरी पिढ्या तमीळ मुलखात काढलेलं. ती एग्मोर स्टेशनच्या मागे मुलाकडे राहायची आणि दर मंगळवारी तिरुपोरूरला मुरुगनच्या दर्शनाला जायची. ती बस आमच्या सिरुसेरीवरूनच पुढे जाते.

"'मज भूक लागली' म्हणती ती," आई हसत सांगायची. "कीर्तनातल्यावानी. आणि मला म्हणती, तुमची मराठी फार पळती, अक्का, अम्हास धरवत नाही."

मग तो दोघींचा नेमच झाला. तिरुपोरूरची बस टी. नगरहून सुटते, म्हातारी तिथे येऊन चढायची, खिडकीशी बसायची आणि शेजारच्या जागेवर कापडी पिशवी ठेवून द्यायची. एवढा लांबचा रस्ता, गर्दी ही अशी, तरी ती जागा आईसाठी धरलेली असायची. कुणी बसायला आलं की ती म्हणायची, "आळ वरांग." माणूस येतंय. आईने तमिळातले हे दोन शब्द सगळ्यात आधी पाठ केले. आमच्या स्टॉपला आई चढली की म्हातारी स्वतः सरकून तिला खिडकी द्यायची.

आमच्या घरात जागा धरणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. खिडकीतून टाकलेल्या रुमालांवरून झालेली भांडणं वडील घरी येऊन रंगवून सांगायचे. पण रुमालाचा धनी येईपर्यंत त्या जागेवर ते कुणाला बसू द्यायचे नाहीत, मग समोर तालुक्याचा पुढारी का असेना.

"नाव काय त्यांचं?" मी एकदा विचारलं.

"विचारायचं राहिलंच की. ती मला अक्का म्हणती, मी तिला अक्का म्हणते."

"फोन नंबर तरी घे."

"कशाला? मंगळवारी असतीच की गाडीत."

आता तो मंगळवार सांगायला हवा. आमच्या साहेबांना केळंबाक्कमच्या बाजूला कुठलंसं नवं हॉटेल सापडलं होतं, म्हणून आम्ही चौघं कॅबने जेवायला निघालो. सिरुसेरीच्या चौकात मेट्रोचं काम चाललेलं आहे. रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकलेले, उरलेल्या बोळकांडीतून सगळं शहर जाणार. आम्ही तुंबलो आणि आमच्या शेजारी एक गुलाबी तोंडाची बस येऊन तुंबली. साहेबांनी वर बघितलं आणि इंग्रजीत म्हणाले, "बघा, आपला टॅक्स फिरायला निघालाय. दिवसभर फुकट भटकायचं, दुसरा उद्योग काय?" सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता वर बघितलं.

खिडकीत आई होती. कागदाच्या पुडीतून दोघी जणी सुंडल खात होत्या, उकडलेले चणे आणि खोबरं. आई तोंडाला पदर लावून हसत होती. वडील गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिचं लक्ष खाली गेलं. तिने मला ओळखलं, शेजारणीला कोपराने ढोसलं आणि हात वर करून हलवला. शेजारणीनेही वाकून हात हलवला.

मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

साहेब म्हणाले, "अरे, ही कुणाला हात करतेय?" मी स्क्रीनवर बोट फिरवत राहिले. मग बस पुढे सरकली. जेवणात काय होतं ते मला आज आठवत नाही.

संध्याकाळी घरी गेले तर आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "मगाशी तुझं लक्ष नव्हतं वाटतं." मला सुटायला तिने स्वतःच दार उघडून दिलं होतं. दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. राग स्वतःचा आला की काढायला दुसरं माणूस लागतं, आणि आई समोरच बसलेली होती. रस्ते खणलेत, पडलीस तर कोण बघणार, ऊन केवढं, वय काय आपलं, मी एवढी कमावते ती काय तू फुकटच्या बसमधून हिंडावंस म्हणून? शेवटचं वाक्य खरं, बाकी सगळी त्याच्यावरची पांघरुणं. बस बंद, असं मी जाहीर केलं. कुठे जायचं तर मला सांग, मी ऑफिसातून कॅब बुक करून देईन.

"बरं," आई म्हणाली.

पुढच्या सोमवारी रात्री तिने विचारलं, "त्या कॅबला वाटेत कुणाला घेता येतं का गं? टी. नगरास्नं?"

मी म्हटलं, "कॅब म्हणजे वडाप नव्हे, आई."

त्यावर तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि कॅबही कधी मागितली नाही. आपण आईला उन्हातान्हातून वाचवलं, असं मी मनाशी घोकत राहिले. आई बाल्कनीत बसायला लागली. चौदाव्या मजल्यावरून मेट्रोचे खांब दिसतात, एकापुढे एक उभे राहत गेलेले. "ही सुरू झाली की आपण दोघी जाऊ, आई. एसी असतो, धूळ नाही, घाम नाही." मी उत्साहाने सांगितलं. तिने थोडा विचार केला. "त्यात जागा धरू देतात का?" मला हसू आलं. मी ते ऑफिसात विनोद म्हणून सांगितलंसुद्धा, फक्त 'माझी आई' म्हणायच्या जागी 'आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी' म्हटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी झेंडू आणायला रस्त्यावर गेले. बस स्टॉपजवळ बसणारी फुलवाली आता बरीच पुढे, पत्र्यांच्या कडेला बसलेली होती. स्टॉपच मेट्रोच्या कामापायी हलवला, असं तिने हातवारे करत सांगितलं. माझं तमीळ म्हणजे दहा शब्दांचा संसार. फुलं मोजता मोजता तिने मी कुठे राहते ते विचारलं. मी आमच्या इमारतीकडे बोट केलं आणि तिचा हात थांबला.

"मराठी अम्मा? तुझी अम्मा?"

मी मान हलवली.

"जिवंत आहे?"

मला वाटलं, मला भाषा नीट कळली नाही. पण तिने तेच विचारलं होतं. मग तिने सावकाश, मला समजेल असं, सगळं सांगितलं. दर मंगळवारी ती म्हातारी खिडकीतून अर्धी बाहेर यायची. बसच्या पत्र्यावर हाताने थापा मारून ड्रायव्हरला थांबवून धरायची आणि फुलवालीला ओरडून विचारायची, "मराठी अम्मा वरलैया?" मराठी अम्मा आली नाही का? शेजारची जागा रिकामी, तिच्यावर पिशवी. लोक भांडायचे, कंडक्टर चिडायचा, ही ऐकायची नाही. एकदा तर बसमधून उतरलीच. फुलवालीच्या हातात एक पुडी दिली, अम्मा आली तर दे म्हणाली, आणि धावत पुन्हा चढली. नंतर स्टॉप हलला, आणि पुढे काय झालं ते फुलवालीला ठाऊक नव्हतं.

तिने गल्ल्याच्या डब्यातून वर्तमानपत्राच्या कागदाची चपटी पुडी काढून मला दिली. आत तिरुपोरूरची विभूती होती.

झेंडू तिथेच राहिले. घरी येऊन मी पुडी आईच्या हातात ठेवली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. गाळायची इच्छा झाली होती, पण गाळलं नाही. आईने पुडी उघडली, चिमूटभर राख कपाळाला लावली. मला वाटलं आता ती मला बोलेल. बोलायलाच हवी होती. ती म्हणाली, "ती रागावली नसेल ना गं माझ्यावर?"

मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. मी लाजिरवाणी मुलगी आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला सरळ शब्दांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी एग्मोरला गेले. स्टेशनच्या मागच्या गल्ल्यांतून, लॉजच्या गर्दीतून, इडलीच्या गाड्यांपाशी विचारत फिरले. मराठी बोलणारी म्हातारी, मुलाकडे राहते, मंगळवारी तिरुपोरूरला जाते. "नाव?" प्रत्येकाने तेवढंच विचारलं. दोनदा लोकांनी मला महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंच्या लॉजवर पाठवलं. अख्ख्या शहरात त्या बाईचा एकच पत्ता होता, बसमधली एक सीट, आणि तो मी पुसून टाकला होता.

मग मंगळवारी मी रजा टाकली. आईला सकाळीच टी. नगरला घेऊन गेले, म्हटलं, जिथे त्या चढायच्या तिथेच चढू. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि डब्यात तिळाच्या वड्या घेतल्या होत्या. आम्ही दोन बस सोडल्या, न जाणो ती आली तर. तिसरीत चढलो. आई खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिने पिशवी ठेवली. मी दांडा धरून उभी राहिले.

बस सुटली. "आई, बसू का?"

"थांब. पुढच्या स्टॉपावर चढंल ती."

पुढच्या स्टॉपवर ती नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. बस गच्च भरली. कुणी ना कुणी पिशवीकडे बोट दाखवायचं आणि आई म्हणायची, "आळ वरांग." कंडक्टर ओरडला, तरी तिने पिशवीवरचा हात काढला नाही. वडिलांनी बघितलं असतं तर त्यांनी तिचीच बाजू घेतली असती. माझे पाय भरून आले होते, पाठीत कुणाचं तरी कोपर रुतत होतं. बसमध्येच उभ्या असलेल्या ऑफिसातल्या एका मुलीने मला बघितलं, दचकली आणि नजर मोबाइलमध्ये घातली. तो मोबाइल कशासाठी असतो हे मला चांगलं माहीत होतं.

सिरुसेरी आलं. जुन्या स्टॉपवर बस थांबली नाही, तिथे नुसते पत्रे आणि खांब. आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तो तुकडा पूर्ण मागे जाईपर्यंत बघत राहिली. मग सावकाश पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी दांडा सोडला आणि बसायला वळले. आईने माझ्या मागे हात लांब करून, डबा घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईच्या दंडाला स्पर्श केला आणि तिला जागा दाखवली. ती बाई बसली. आईने आपला डबा उघडून तिच्या हातावर वडी ठेवली.

तिरुपोरूर येईपर्यंत मी उभी होते. आयुष्यात पहिल्यांदाच आईने मला, पाय दुखतायत का, असं विचारलं नाही.