चौतीस पानं, मोठ्यानं

फेलिझ्मीनाबाईंनी छत्तीस वर्षं कोव्हिल्या गावातल्या नोटरीच्या कचेरीत कागद वाचले. मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं. सहीआधी दस्त शब्दन् शब्द ऐकवायचा, हा तिथला कायदा, आणि नोटरीसाहेबांचा घसा नाजूक. निम्म्या गावाची घरं आणि मृत्युपत्रं बाईंच्या आवाजातून गेली. निवृत्तीनंतरही खोड जाईना. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा त्या जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवत, आणि धाकटी बहीण झुल्मिरा तोवर आपलं कोबीचं सूप संपवून मोकळी होई.

या जूनमध्ये मात्र बाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दोघींची अझोर्स बेटांची तिकिटं आली होती! निळ्या फुलांच्या कुंपणांमधून जाणारे तिथले रस्ते झुल्मिरा चाळीस वर्षं कॅलेंडरवर बघत आली होती. झुल्मिराला गाडी येत नव्हती, म्हणून तिथे एकाहत्तराव्या वर्षी बाई स्वतः गाडी चालवणार होत्या. पण भाड्याच्या गाडीसाठी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, ते घरी यायला पंधरा दिवस, आणि विमान सोळाव्या दिवशी. अर्ज आजच्या आज करायला हवा होता.

बाजार-संकुलातल्या कॉफीच्या दुकानासमोर बँकेच्या वाल्देमारनं टेबल मांडलं होतं. दोघी बहिणी तिथे पोचल्या.

"दोन मिनिटांचं काम, मावशी. वार्षिक शुल्क शून्य. इथे सही, इथे सही, आणि ही बॅग फुकट."

"अटी कुठायत?"

त्यानं टेबलाखालून चौतीस पानांचा गठ्ठा काढला. "हे कुणी वाचत नाही हो."

बाईंनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि सुरू केलं. "कलम पहिलं!"

तो कचेरीतला आवाज! कॉफी पिणारे माना वळवून बघू लागले. शुल्क शून्य होतं ते पहिल्या वर्षापुरतंच. कार्डावर रोख काढली की त्याच दिवसापासून व्याज चालू. पैसे मोजून घ्यायच्या विम्याच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच छापलेली.

"ही खूण कुणी केली?" बाईंनी विचारलं.

"ती... असतेच."

"खोडा."

त्यानं खोडली. कोपऱ्यातल्या एका टॅक्सीवाल्यानं पाकिटातून स्वतःचं कार्ड काढून उलटसुलट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, ते किमान रकमेचं पुन्हा वाचा!" बाईंनी वाचलं. दरमहा नुसती तेवढीच भरली, तर उरलेल्यावर व्याज चढतच राहतं. लोक खुर्च्या ओढून जवळ आले. बाईंना काय चेव चढला म्हणून सांगू!

आणि एकोणिसाव्या पानावर त्यांचा आवाज अडकला. "मुख्य कार्डधारकाचं वय... सत्तरच्या आत असावं."

वाल्देमारनं मान खाली घातली. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. "हे वाचायलाच नको होतं, बाई," टॅक्सीवाला हळहळला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढची ओळ त्यांनी कशीबशी वाचली, आणि एकदम उभ्याच राहिल्या. "जोडकार्डाला वयाची अट नाही! त्यावर नाव जोडधारकाचं! झुल्मी, तू सहासष्टची आहेस! मुख्य तू, जोड मी!"

शेजारच्या टेबलावर झुल्मिरा हाताची घडी घालून बसली होती. दिरासाठी ती एकदा बँकेत न वाचता जामीन राहिली होती आणि तिचं शिवणाचं दुकान गेलं होतं. त्या दिवशी वाचून दाखवायला बाई तिथे नव्हत्या, आणि ही सल बाईंच्या मनातून अजून गेली नव्हती. तेव्हापासून झुल्मिरानं साध्या पार्सलवरही सही केली नव्हती.

"मुख्य धारक म्हणजे फेडणारी मीच ना, ताई?"

"हो. तूच." बाईंना खोटं बोलता येत नसे. "नको असेल तर नको. आपण बसनं फिरू."

झुल्मिरानं खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, "पहिल्या पानापासून वाच."

वाल्देमारनं मुकाट्यानं कॉफी मागवली. बाईंनी सगळं पुन्हा वाचलं, झुल्मिरानं अकरा वेळा अडवलं, आणि चौतिसावं पान संपताच बाईंनी घाईघाईनं पेन पुढे केलं. "झालं! कर सही!"

"थांब." झुल्मिरानं शेवटचा कागद उलटला. मागे बारीक अक्षरात चार ओळी होत्या. छत्तीस वर्षांत जे घडलं नव्हतं, ते आज आनंदाच्या भरात बाईंच्या हातून घडलं होतं. त्या ओळी झुल्मिरानं स्वतः वाचल्या, मोठ्यानं, अडखळत. करार चौदा दिवसांत, कारण न देता, मागे घेता येत होता.

मग तिनं सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई रडतही होत्या, हसतही होत्या.

"रडतेस काय?" पेनाचं टोपण लावत झुल्मिरा म्हणाली. "गाडी नीट चालव म्हणजे झालं. सही माझी आहे."