नायक मुनीर आणि आमच्या वाडीची पाणंद

माझं शेवटचं पोस्टिंग जम्मूच्या पहाडात होतं. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या सेक्शनमध्ये नायक शेख मुनीर होता. तो माझ्याच गावचा, म्हणजे औंढ्याच्या डोंगरावर चाळीस घरांची आमची वाडी आहे, तिथला. एका वाडीतली दोन माणसं एका सेक्शनमध्ये कशी, असं कंपनीत सगळे विचारायचे. काहींना वाटायचं आम्ही वशिला लावला. ज्या वाडीत एसटी येत नाही तिथे वशिला कुठून येणार?

काम रोजचं एकच. आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी. साडेचारला उठायचं, पाचला चहा, साडेपाचला पोस्टवरून खाली. पहाडातल्या एका शेतकरी गावाकडे सहा किलोमीटरचा कच्चा रस्ता जायचा. रात्रीतून कुणी सुरुंग तर पेरला नाही ना, हे बघत तो पायी तपासायचा. प्रत्येक मोरीत वाकून बघायचं. काल नव्हता तो दगड आज दिसला की थांबायचं. उकरलेली माती दिसली की थांबायचं. सगळं ठीक असलं की मी रेडिओ उचलायचो.

"टायगर, अल्फा वन. रोड क्लिअर. ओव्हर."

"अल्फा वन, टायगर. रॉजर. आऊट."

एवढं झाल्यावरच त्या रस्त्यावर चाक फिरायचं. रेशनची गाडी, शाळेचे मास्तर, आजारी माणसं, मक्याची पोती, सगळं आमच्या त्या दोन शब्दांसाठी थांबलेलं असायचं.

त्या गावात एक म्हातारा शेतकरी होता. रस्त्याला लागून त्याचं मक्याचं शेत. दर वर्षी तो शेताची दगडी भिंत थोडी थोडी रस्त्यात सरकवायचा. मुनीरच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याने पावलं टाकून रस्ता मोजला आणि म्हाताऱ्याला बोलावलं.

"चाचा, दीवार पीछे लो. कल घर में कोई बीमार पड़ा, तो अ‍ॅम्ब्युलन्स किधर से आएगी?"

म्हातारा पुटपुटला, पण चार दिवस एकट्याने दगड वाहून त्याने भिंत मागे घेतली. मी मुनीरची पाठ थोपटली. आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण तेव्हा आम्हा दोघांपैकी एकालाही आपल्या वाडीची पाणंद आठवली नाही.

आता त्या पाणंदीबद्दल. एसटी डोंगराखाली फाट्यावर थांबते. तिथून वाडीपर्यंत तीन किलोमीटरची चढण, दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. तीच आमची पाणंद. दुसरी वाट नाही. खत, गॅसची टाकी, सिमेंटची गोणी वर जाते ती याच वाटेने, आणि सोयाबीन, तूर खाली येते तीही याच वाटेने. दिवस भरत आलेली बाई महिनाभर आधीच औंढ्याला पाहुण्यांकडे जाऊन राहते. ती पद्धतच पडून गेली होती. त्यात काही चुकतं आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

सरकारी नकाशात ही पाणंद दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद आहे. माझ्या आजोबांच्या काळी ती खरोखर तशी होती. माझ्या काळी एक ट्रॅक्टर, तोही कडेच्या मातीवर चाकं चढवत, कसाबसा निघायचा. ती कुणी एका दिवसात गिळली नाही. मे महिन्यात नांगरट होते, तेव्हा जो तो वाटेच्या कडेने एक तास जास्त घेतो. तास म्हणजे नांगराच्या फाळाची एक ओळ, वीतभर रुंदीची. समोरचा ते बघतो, काही बोलत नाही, आणि आपल्या बाजूने एक घेतो. त्याने घेतलं आणि आपण सोडलं तर आपण बावळट ठरतो. भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, कुणीतरी मोजणी तरी आणली असती.

वाडीच्या अलीकडे एक अवघड वळण आहे. तिथे पाणंदीच्या वरच्या अंगाला मुनीरच्या वडिलांचं, करीमचाचांचं शेत आणि खालच्या अंगाला आमचं. वरून चाचा घ्यायचे, खालून माझे वडील आणि त्यांच्यामागे, रजेवर आलो की, मी. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, आणि मे महिन्यात दोघेही न बोलता एक एक तास घ्यायचे.

चोवीस वर्षं सर्व्हिस करून मी पेन्शनवर घरी आलो. मुनीर अजून नोकरीत होता. पहिल्याच मे महिन्यात मी विठ्ठलचा ट्रॅक्टर नांगरटीला लावला. वाडीत ट्रॅक्टर एकट्या विठ्ठलकडेच. वळणापाशी येऊन त्याने ब्रेक मारला.

"दत्ताभाऊ, आता न्हाई घेता येत. कड न्हाई राहिली. खाली उतार हाय, माती धरनार न्हाई."

"धरंल. चाचानं वरून घेतलंच की. घे अजून एक."

"काहून उगंच?"

"घे म्हणलं तर घे."

त्याने घेतलं. मी बांधावर बसून बघत होतो आणि मनातून खूश होतो. त्या एका तासात सोयाबीनचं एक पोतंसुद्धा झालं नाही.

ऑक्टोबरमध्ये मुनीर अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आला. सोयाबीनच्या काढणीसाठीच त्याने रजा टाकली होती. त्याची बायको नसीम आणि तीन वर्षांची मुलगी वाडीतच असायच्या. मुलगी बापाला ओळखायला तयार नव्हती. दोन दिवस दाराआडून बघत राहिली, तिसऱ्या दिवशी त्याच्या मांडीवर चढली ती उतरेना. मुनीर ते मला तीन वेळा सांगून गेला.

करीमचाचांचं सोयाबीन कापून वरच्या शेतात गंजी लावून ठेवलं होतं. आठवडाभर परतीचा पाऊस पडून गेला होता आणि पुन्हा आभाळ आलं होतं. अजून एक पाऊस झाला असता तर शेंगांना कोंब फुटले असते. विठ्ठलचं मळणीयंत्र फाट्यावर उभं होतं. ते त्याच दिवशी वर न्यायला हवं होतं. सकाळी सात वाजता मुनीर माझ्या दारात.

"उस्ताद, चला. दोघं असलो की मशीन वर चढंल."

मी फौज सोडली तरी तो मला उस्तादच म्हणायचा.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही वळणावर पोचलो. विठ्ठल ट्रॅक्टरवर, मागे मळणीयंत्र जोडलेलं. चाक घसरलं तर लावायला एक मोठा दगड हातात घेऊन मी मागे. मुनीर ट्रॅक्टरवरून उतरला. अरुंद रस्त्यावर एकाने उतरून ड्रायव्हरला हाताने इशारे द्यायचे, ही फौजेची सवय. गाईडने गाडीच्या समोर चालायचं, बाजूला नाही, हे मी कितीतरी रंगरुटांना शिकवलं आहे. पण समोरून यंत्राचं बाहेरचं चाक दिसत नव्हतं, आणि सगळा धोका त्याच चाकाला होता. म्हणून मुनीर उताराच्या बाजूने, चाकाच्या जवळून चालू लागला. मी त्याला टोकलं नाही.

"विठू, आतून घे! आतून!"

"आतून जागाच न्हाई, मुनीरभाई! वरचा बांध लागून राहिला!"

तेवढ्यात कड खचली. आवाज फार झाला नाही, ओली माती बसते तेवढाच. बाहेरचं चाक खाली गेलं, यंत्र कललं, जोडाची पिन तुटली आणि ते मुनीरच्या अंगावर आलं. ट्रॅक्टर वाटेवरच राहिला. मी घड्याळ बघितलं. सवयीने. अकरा चौदा.

शेतांतून माणसं धावत आली. जॅक, लाकडं, खांदे, जे मिळालं ते लावून नऊ मिनिटांत आम्ही त्याला बाहेर काढलं. कमरेपासून खाली दबला होता. बाहेर रक्त जवळजवळ नव्हतंच, आणि त्याचीच मला भीती वाटली. रक्त आत चाललं होतं. मी धावत आलेल्या करीमचाचांच्या डोक्याचा रुमाल घेऊन त्याची कंबर आवळून बांधली. अकरा पंचवीसला अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लागला. अकरा पन्नासला ती फाट्यावर आली. एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. पाच मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला.

"दादा, गाडी वर येऊन न्हाई राहिली. दोन्हीकडून शेतच हाय. आरसे घासून राहिले."

"किती आलात?"

"अर्धा किलोमीटर बी न्हाई."

म्हणजे खाली दोन किलोमीटर. वाडीतून बाज आली, तिच्यावर गोधडी टाकली. मी ऑर्डर दिल्या. चार माणसं बाजेला, चार बदलीला. शंभर पावलांवर खांदा बदल. पाय एकत्र टाका. धक्का लागता कामा नये. माझा आवाज बरोबर निघत होता, त्याचं मला आजही नवल वाटतं. नसीम मुलीला काखेत घेऊन वाडीच्या तोंडाशी उभी होती. कुणीतरी तिला तिथेच धरून ठेवलं.

मी बाजेच्या उशाकडे होतो. मुनीर शुद्धीवर होता.

"उस्ताद."

"बोल."

"आज रोड ओपन न्हाई केला काय?"

आणि हसला. त्याही अवस्थेत हा माणूस हसला. मी म्हणालो, "बोलू नकोस." तो हुकूम होता. त्याने मानला नाही.

"अब्बाको कुछ मत बोलना, उस्ताद."

कड खचताना त्याला दोन्ही बाजू दिसल्या होत्या, वरची आणि खालची. वरच्या बाजूबद्दल तो बोलला. खालच्या बाजूबद्दल, माझ्याबद्दल, त्याने एक शब्द काढला नाही. त्यापेक्षा त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या.

अ‍ॅम्ब्युलन्समधले दोघे बॅग घेऊन पायीच चढत आले. बारा बत्तीसला वाटेतल्या नाल्यापाशी ते आम्हाला भेटले. तेव्हा माझी बोटं मुनीरच्या मनगटावर होती आणि नाडी लागत नव्हती. त्यांनी बाज खाली ठेवून खूप प्रयत्न केले. मग गाडीपर्यंत नेलं, गाडीतही केले. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "एवढा वेळ कुठे गेला?" तिथे आम्ही नऊ जण उभे होतो.

दुसऱ्या दिवशी युनिटतर्फे जवान आले. तिरंगा, सलामी, बिगुल, सगळं रीतसर झालं. कब्रस्तान वर वाडीत आहे. त्यांची गाडीही फाट्यावरच राहिली. मुनीरला त्याच वाटेने खांद्यावर वर नेलं. वळणावर खांदा देताना माझा पाय माझ्याच नांगरटीत रुतला.

चौथ्या दिवशी पंचनामा झाला. वळणावर अर्धी वाडी जमली होती. लिहून घेणाऱ्याने विचारलं, "ही कड कशी खचली?" कुणी म्हणालं पाऊस. कुणी म्हणालं विठ्ठलचं यंत्रच जड. विठ्ठल मान खाली घालून उभा. मग मी पुढे झालो.

"पाऊस न्हाई आन् विठ्ठल बी न्हाई. खालची कड मी कोरली. मे महिन्यात. विठ्ठल नको म्हणत होता. माझं नाव लिहा."

करीमचाचा बांधावर बसले होते. काठी टेकून उठले.

"ऊपर का मैं लिया," ते म्हणाले. "हर साल लिया. इस अकेले का नाम नक्को लिखो. मेरा बी लिखो."

लिहिणाऱ्याने आमच्याकडे बघितलं आणि लिहिलं, अतिवृष्टीमुळे कड खचली. कागदावर आजही तेच आहे.

पुढच्या मे महिन्यात आम्ही मोजणी आणली. चाचा वरून मागे सरले, मी खालून. आमचं बघून बाकीचेही सरले, दोघांनी बरीच कुरकुर केली, पण सरले. आता अ‍ॅम्ब्युलन्स वाडीत दारापर्यंत येते. बाया महिनाभर आधी औंढ्याला जात नाहीत. लोक म्हणतात, मुनीरमुळे रस्ता झाला. मला ते ऐकवत नाही. रस्ता होताच. आम्ही तो खाल्ला होता.

चाचा अजून आहेत. त्यांचं शेत आता मी बघतो. आम्ही दोघांनी एकमेकांना माफ केलं का, हे विचारायची हिंमत मलाही नाही आणि त्यांनाही नाही. रोज सोबत चहा घेतो.

वर्षातून एकदा हिंगोलीला आम्ही माजी सैनिक जमतो. जिल्ह्यातल्या गेलेल्या जवानांची नावं वाचली जातात. प्रत्येक नावाआधी ऑपरेशन, ठिकाण. मुनीरचं नाव त्या यादीत नाही, कारण तो रजेवर असताना गेला. गेल्या खेपेला यादी संपल्यावर मी उभा राहिलो.

"नायक शेख मुनीर," मी म्हणालो.

नावं वाचणारे सुभेदार वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी अदबीने पेन उघडलं. "हवालदार साब, कुठल्या ऑपरेशनमधले?"

"कुठल्याच न्हाई. आमच्या वाडीच्या पाणंदीवर गेला. माझ्या शेताच्या कडेला. मी कोरलेल्या जागी."

सुभेदारांनी रजिस्टरच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. यासाठी रकाना नव्हता. मग त्यांनी पेन बंद केलं, सावधान उभे राहिले आणि ते नाव मोठ्याने वाचलं.