आधी मान्यवर, मग दौलतराव

...तर माइकसमोर उभा राहिला की सोपानराव खिशातला चष्मा काढायचा, धोतराला पुसायचा आणि परत खिशातच ठेवायचा. वाचायचं काही नसायचंच त्याला. काल इथवर आलो होतो आणि सूनबाईंनी जेवायला हाक मारली. आता पुढचं सलग ऐका.

कुरुळीचा हा सोपानराव जन्मभर भोसरीतल्या एका वर्कशॉपात लेथवर उभा राहिला, पण लोक त्याला ओळखायचे ते भाषणावरून. कुणाचाही दहावा असो, श्रद्धांजलीला सोपानराव हवाच. आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर लग्नासारखी गर्दी होते. एकीकडे पिंड मांडलेले, दुसरीकडे भाषणं चाललेली. कावळा पिंडाला शिवला की माणसं उठतात. कुणाला कंपनीची बस गाठायची असते, कुणाला डेअरीला दूध घालायचं असतं. मग माइकवर कोण उभं आहे ते कुणी बघत नाही.

सोपानरावाच्या भाषणाची मांडणी ठरलेली होती. आधी उपस्थित मान्यवर. आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेवाले, पाहुण्यांच्या गावचे पाटील, सगळे हुद्द्याप्रमाणे. एक नाव राहिलं तर माणूस वर्षभर रामराम घालत नाही, आणि सोपानरावाकडून नाव कधी राहिलं नाही, याचा त्याला केवढा अभिमान. मग मयताचं घराणं, शेती, लेकरं. आणि मुख्य गोष्ट अगदी शेवटी. मला म्हणायचा, "पंगतीत विडा कधी देत्यात? शेवटीच ना?" मी म्हणायचो, "अन् पाहुणा हात धुऊन निघूनच गेला तर?" मग दोघंही हसायचो. आमच्याकडचे कावळेही आडमुठे, तासतासभर लोकांना झुलवतात. त्यामुळे त्याचं कधी अडलं नाही.

गेल्या माघात दौलतराव वारला. हा सोपानरावाचा जोडीदार. शाळा एक, वर्कशॉप एक, मशीनसुद्धा शेजारी शेजारी. पण गावात दौलतरावाला 'फितूर' म्हणायचे. तरुणपणी वर्कशॉपात संप झाला होता, मालकानं काही जणांना काढून टाकलं होतं, आणि दौलतराव सगळ्यांच्या आधी गेटच्या आत गेला. संप मोडला. त्यानंतर गावच्या पंगतीत त्याच्या शेजारचं पान रिकामं राहायचं.

खरी गोष्ट निराळी होती. मालक त्याला म्हणाला होता, तू कामावर ये, मी काढलेल्यांना परत घेतो, फक्त बोभाटा नको. म्हणून तो गेला. परत घेतलेल्यांत सोपानरावही होता. दौलतरावानं हे घरात सांगितलं आणि पुढं सोपानरावाला. वर त्याला शपथ घातली की, मी जिवंत आहे तोवर बोलायचं नाही. का, तर त्या परत घेतलेल्या पोरांना वाटेल, आपण कुणाच्या तरी उपकारावर भाकरी खातोय.

माणूस गेला, शपथ सुटली. त्याची बायको शालनबाई सोपानरावाला म्हणाली, "भावजी, दहाव्याला समदं गाव येईल. तेवढं सांगा. माझ्या नातवंडांनी तरी ते 'फितूर' नाव ऐकू नये."

"वैनी, असं सांगतो की गाव रडंल," सोपानराव म्हणाला.

आणि खरंच, ओसरीवर त्यानं मला ते बोलून दाखवलं तेव्हा मीच डोळे पुसले. फार सुंदर बसवलं होतं त्यानं. अर्थात, शेवटी.

दहाव्याच्या दिवशी घाट भरला होता. सोपानरावानं चष्मा पुसला, नावं सुरू केली. ती संपत आली तोच दोन गाड्या येऊन थांबल्या. कुणीतरी त्याच्या कानाला लागलं. "आत्ताच आपल्यात दाखल झालेले..." म्हणून पुन्हा सुरुवात. ते बसतात न बसतात तोच तिसरी गाडी. मागून एक जण सोपानरावाला म्हणाला, "तात्या, हजेरी झाली का? कोन गैरहजर हाय?" लोक तोंडाला रुमाल लावून हसले. सोपानराव मात्र शांतपणे घराण्यावर आला, शेतीवर आला.

आणि कावळा शिवला. एरवी झुलवणारा कावळा त्या दिवशी चटकन आला आणि घास घेऊन गेला. माणसं उठली. "थांबा मंडळी, दौलतरावांची एक गोष्ट..." सोपानराव म्हणत होता, पण चपला शोधणाऱ्या माणसांना काय ऐकू येणार? माझ्या शेजारून जाताना एक जण म्हणाला, "लगेच शिवला हो. काई इच्छा राहिली नव्हती म्हाताऱ्याची." शालनबाई तिथंच बसली होती. तिनंही ते ऐकलं.

सोपानराव तिच्याजवळ गेला तेव्हा ती रडली नाही, रागावलीही नाही. पदर सावरत एवढंच म्हणाली, "नाव मात्र एकाचंबी राहिलं न्हाई, भावजी."

त्यानंतर त्यानं माइक धरला नाही. बोलावणी येतात, तो गुडघ्याचं कारण सांगतो. परवा फाट्यावर चहाला भेटला. वाळलाय. मी म्हणालो, "अरे, वर्षश्राद्ध येईलच की. तेव्हा सांग, आणि या खेपेला तेच आधी सांग." त्यानं बशीतला चहा तसाच खाली ठेवला आणि म्हणाला, "वर्षश्राद्धाला घरचीच मानसं असत्यात, त्यांना काय सांगायचं? गावात आता मी दारोदार जाऊन सांगतोय. समदे ऐकून घेत्यात, चहा पाजत्यात, अन् म्हनत्यात, तुमचा मैतर व्हता सोपानराव, तुमी चांगलंच बोलनार."