कापडाची भिंत

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. नवं घर बांधणं एकवेळ परवडलं, पण उभ्या असलेल्या, माणसांनी आणि सामानाने भरलेल्या घरात एक साधी भिंत घालायची म्हटली की भलेभले हात टेकतात. टेपकाकूंनी हात टेकले नाहीत. त्यांनी ती भिंत आधी कापडात शिवून पाहिली, आणि त्या पाहण्यात जे निघालं ते काही केल्या विटांमध्ये निघालं नसतं.

टेपकाकू हे नाव गल्लीने दिलेलं. काकू कपडे शिवतात, आणि त्यांच्या गळ्यातली मोजायची टेप आंघोळीखेरीज खाली उतरत नाही. एकदा नात्यातल्या लग्नात सगळ्या कुटुंबाचा झकास फोटो निघाला, फ्रेम होऊन भिंतीवर लागला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काकूंच्या गळ्यात हाराच्या जोडीला टेपही आहे. काकूंना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट टेप नसती तर फोटोत आपण ओळखू आलो नसतो, असं त्यांचं म्हणणं.

इतकी वर्षं त्यांचं दुकान म्हणजे स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधला बोळ. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला चाकांच्या स्टँडवर टांगलेले तयार कपडे, आणि कापडं बेतायची ती जेवणाच्या टेबलावर, जेवणं आटोपल्यावर. घरातल्या कुणालाही पाणी प्यायचं झालं तर काकूंच्या पाठीमागून अंग चोरून जावं लागे. गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचे ते न्हाणीघरात. तिथे एका बाईने नवा कोट अंगात चढवला, कोपराने नळ उघडला, आणि कोट आतून-बाहेरून धुऊन निघाला. काकूंना एकच हवं होतं, दार असलेली खोली. आत गेलं की लावून घेता येईल असं दार. हे त्या कुणाजवळ फारसं बोलत नसत, पण नवऱ्याला ते चांगलं ठाऊक होतं.

नवरा, म्हणजे गल्लीचे काका, पाण्याच्या पंपांच्या दुकानात नोकरीला. सुट्टीच्या एका सकाळी त्यांनीच विषय काढला. मागची खोली घरात सगळ्यांत मोठी, दोन्ही टोकांना खिडक्या, आणि आता तिच्यात एकटे बाबाच राहतात. मधोमध भिंत घातली तर गल्लीकडची अर्धी बाबांना राहील, परसाकडची अर्धी मशीनला होईल. काकांनी वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "चालेल."

आता या 'चालेल'बद्दल सांगितलं पाहिजे. टेपकाकूंच्या सासऱ्यांना सगळंच चालत असे. चहात साखर घालायची राहिली, चालेल. पंखा बंद पडला, चालेल. दाढीचं पातं बदलायला घरातले विसरले, तेही चाललं आणि हनुवटी कापून घेऊन चाललं. सासूबाई होत्या तोवर हे कधी जाणवलं नव्हतं, कारण 'यांना हे आवडत नाही, यांना ते बोचतं' हे सांगायचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या गेल्या, आणि म्हाताऱ्याचं हवं-नको सांगणारं घरात कुणी उरलं नाही. ते स्वतः तर त्यातला 'ह' काढायला तयार नव्हते.

म्हणून काकूंच्या जिवाला घोर लागला. खोली तर हवीच होती, अगदी मनापासून हवी होती. पण ज्याची खोली कापायची तो माणूस बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाचं कापून घेण्याइतकं सोपं या जगात काही नसतं. नंतर त्या कोंडीत ते निमूट दिवस काढतील आणि आपण दार लावून सुखाने मशीन चालवू, हे चित्र काकूंना काही सोसवेना.

मिस्त्री आला. कानावर पेन्सिल, हातात लोखंडी टेप, आणि तोंडात एकच पालुपद, बिनधास्त राहा वहिनी. त्याने खोली मोजली, भिंत कुठे येईल तो आकडा बाजूच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिला आणि सोमवारपासून माणसं लावतो म्हणाला. काकूंनी त्याला थांबवलं.

"मिस्त्री, मी कुणाच्याही कापडाला ट्रायलशिवाय पक्की शिलाई घालत नाही. माझ्या घराला का घालू?"

मिस्त्री हसला. भिंतीला कसली ट्रायल, असं त्याने काकांकडे बघून विचारलं. काकांना लग्नानंतर एवढं शहाणपण आलेलं होतं की अशा वेळी आढ्याकडे बघावं. ते आढ्याकडे बघत राहिले.

काकूंनी जुन्या चादरी, पडद्यांची अस्तरं आणि एक फाटकी ताडपत्री जोडून खोलीच्या रुंदीची लांबलचक भिंत शिवली. कपड्यांचे चाकांचे स्टँड रांगेत उभे केले आणि ती त्यांच्यावरून खालपर्यंत सोडली. जमिनीवर खडूने रेघ मारली. दाराच्या जागी कापडाला चीर दिली आणि तिला टाचणी लावली. मग मशीन आत आलं, आणि काकांच्या दुकानातल्या रिकाम्या खोक्यांवर फळी टाकून बेतायचं टेबल झालं. आठवडाभर असंच राहायचं, कुठे आवळतं कुठे ढगळ होतं ते बघायचं, आणि मग काय त्या विटा, असा काकूंचा बेत.

सासऱ्यांनी ती भिंत इतकी मनावर घेतली की पाहणाऱ्याला हसू यावं. चादर उचलून पलीकडे जाणं हाताच्या अंतरावर असताना ते पार टोकाच्या चिरेपर्यंत चालत जात, आणि तिथे उभे राहून काठीने जमिनीवर टकटक करत. काकूंनी 'या' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. कसं वाटतंय बाबा, असं काकू रोज विचारत. उत्तर ठरलेलं. काकांनी तर विचारणंच सोडलं होतं, कारण विचारलं काय नि न विचारलं काय.

काकू मात्र भलत्या खुशीत होत्या. सकाळी फरशी पुसून झाली की पुसल्या गेलेल्या रेघेच्या जागी कापडाच्या कडेने नवी रेघ मारायच्या, मशीनवर बसायच्या आणि परसातल्या उन्हात पायडल मारताना गुणगुणायच्या. पाठीमागून कुणी अंग चोरून जात नव्हतं. आणि दिवसागणिक खोली अंगाला बसत चालली होती. पहिल्या दिवशी टेबलापाशी जरा अवघडल्यासारखं झालं होतं, तेही उरलं नाही. सवय झाली, असं त्यांना वाटलं.

आठवडा भरल्यावर मिस्त्री विटांचा हिशोब पक्का करायला आला. त्याने रेघेपर्यंत मोजलं, पेन्सिलीच्या आकड्याकडे पाहिलं, पुन्हा मोजलं. भिंत चांगली हातभर सरकली होती, तीही सासऱ्यांच्या बाजूला. काकूंची खोली वाढली होती.

मिस्त्रीने काकूंच्या गळ्याकडे बोट दाखवलं. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणली जाते वहिनी, तुमच्या मापाने रेघ चुकली, असं त्याने जाहीर केलं. हे म्हणजे काकूंच्या इभ्रतीवर हात टाकणं झालं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, त्याची लोखंडी टेप शेजारी ठेवली आणि त्याला वाकून बघायला लावलं. दोन्हींत केसाचाही फरक नव्हता. मग संशय फरशीच्या उताराकडे गेला. मिस्त्रीने पाणसळ लावून पाहिली, फरशी सपाट. उरले काका. जाता-येता तुम्हीच धक्का मारत असणार, तुम्हाला कुठे काही दिसतं, असं म्हणून काकूंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. काका बिचारे जेवणाचा डबा घेऊन वेळेआधीच कामावर निघून गेले.

मिस्त्रीला उद्या या म्हणून काकूंनी वाटेला लावलं. दुपारी जेवणं झाली, सासरे आपल्या बाजूला आरामखुर्चीत बसले, काकू मशीनवर. पण त्या दिवशी त्यांनी सुईत दोराच ओवला नाही. पाय पायडलवर, मशीन नुसतंच खडखडतंय, आणि नजर कापडाच्या खालच्या काठावर.

थोड्या वेळाने काठाखालून काठीची वाकडी मूठ आत आली. हळूच चाचपली, स्टँडच्या पायाला अडकली, आणि स्टँड बोटभर पलीकडे ओढला गेला. चाक कुरकुरलं, पण मशीनच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? मूठ पुढच्या स्टँडकडे वळली. काकूंनी पाय थांबवले. मूठ होती तिथेच गोठली.

काकूंनी कापड उचललं. सासरे खुर्चीतून अर्धे वाकलेले, काठी उलटी धरलेली, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"बाबा, हे काय चाललंय?"

"तू कापायला उभी राहिलीस की तुझी पाठ माझ्या बाजूला येते," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून बघतोय. कापडाला पोक येतं. आता कापड आहे म्हणून ते मागे सरतंय. वीट सरणार नाही, सूनबाई. जन्मभर टेबल पोटाला टोचत राहील तुला."

काकूंना एकदम माया आली, आणि त्याबरोबर रागही आला. माया आली ती हा माणूस इतकं बारीक बघतो म्हणून, आणि राग आला तो एवढं बघणारा माणूस स्वतःपुरता मात्र आंधळा होतो म्हणून. त्यांनी सासऱ्यांच्या बाजूला नजर टाकली. भिंत इतकी जवळ आली होती की आरामखुर्ची पूर्ण मागे टाकता येत नव्हती. पलंगावरून उठून काठी टेकायची तर आधी खुर्ची सरकवावी लागत होती. गेले काही दिवस ते बसल्या बसल्या झोपत होते आणि विचारलं की 'चालेल' म्हणत होते.

"उठा," काकू म्हणाल्या.

सासरे उठले. काकूंनी टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं त्यांचं माप घ्यायला सुरुवात केली. काठी धरून वळायला किती जागा लागते, खुर्चीत पाय पसरले की कुठवर येतात, पलंगावरून पाय खाली सोडले की गुडघे कुठे असतात. आपण सगळा वेळ खोलीच मोजत बसलो, तिच्यात राहणाऱ्याला मोजलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात येत होतं आणि त्या स्वतःवरच चरफडत होत्या. कुठला शिंपी नुसतं कापड मोजून कोट बेततो? सासरे मुकाट्याने हात वर, हात खाली करत होते.

"माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात, बाबा," माप घेता घेता काकू म्हणाल्या. "एक कटकट करणारी. ती मला आवडतात. दुसरी ट्रायलला छान छान म्हणून जातात आणि नंतर तो कपडा कधी अंगात घालत नाहीत. त्यांचा मला फार राग येतो. तुम्हाला काय बोचतंय ते सांगितल्याशिवाय मी मिस्त्रीला एक वीट लावू देणार नाही. मला खोली नसली तरी चालेल."

शेवटचं वाक्य त्यांनी धमकी म्हणून टाकलं होतं, पण तोंडातून निघता निघता ते खरंच झालं, आणि सासऱ्यांनाही ते कळलं असावं. ते खुर्चीत बसले. काठीची मूठ चोळू लागले.

"जागेचं काही नाही," ते म्हणाले. "दुपारी तू मशीन चालवतेस ना, त्या आवाजाने मला झोप लागते. बोळातनं यायचा आवाज, आता चादरीतनं येतो. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. विटेतनं येईल का तो?"

काकू टेप गुंडाळायला लागल्या, उलगडली, पुन्हा गुंडाळली. त्यांना दार हवं होतं, बंद होणारं, पलीकडचं काही ऐकू न येणारं, आणि इतकी वर्षं बोळात बसून ते त्यांनी कमावलंही होतं. पण ज्या खडखडाटाला वैतागून घरातले दूरदर्शनचा आवाज वाढवतात, त्याच्या आधाराने कुणी झोपतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं.

"विटेतनं नाही येणार," त्या म्हणाल्या. "खिडकीतनं येईल. भिंतीत खिडकी ठेवू. कुठे हवी?"

सासऱ्यांनी आधी कुठेही चालेल म्हणायला तोंड उघडलं, मग मिटलं. खुर्चीत मागे रेलले, डोळे बंद केले, आणि हात लांब करून कापडावर आपल्या कानाच्या उंचीला बोट टेकवलं. काकूंनी त्या जागी टाचणी लावली. स्टँड दोघांनी मिळून मागे ढकलले, पहिल्या आकड्याला पोचायच्या जरा अलीकडेच थांबवले. खुर्ची पूर्ण मागे झाली. बेतायचं टेबल अंमळ अरुंद करायचं ठरलं, म्हणजे पोटाला टोचायला नको.

संध्याकाळी काका आले ते दबकतच. सकाळी खाल्लेल्या बोलण्यांची आठवण ताजी होती. त्यांनी दारातूनच विचारलं की भिंतीचं काही ठरलं का, की अजून आपल्यावरच आळ आहे.

"ठरलं," काकू म्हणाल्या. "मिस्त्रीला निरोप द्या, भिंतीत झडपेची खिडकी करायचीय. बाबांना हवीय."

"म्हणजे तुला वाटतं त्यांना हवी असेल."

"मला नाही वाटत. त्यांनी मागितली."

"बाबांनी? स्वतः?"

"स्वतः. उंचीसुद्धा दाखवली."

काकांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. मग बूट न काढताच ते बोळातल्या रिकाम्या झालेल्या जागेत, भिंतीला टेकून, जमिनीवर बसले आणि म्हणाले, "काय म्हणाले ते नीट सांग. पहिल्यापासून सांग."