बिनदाराचं ग्रिल

नवघरला आम्ही चार वर्षं भाड्याने राहिलो. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. घरमालक जवळच्या तारोडी गावचे. बिल्डिंगमधले सगळे त्यांना अंकल म्हणायचे, म्हणून आम्हीही. रिटायर झाल्यावर ते गावी वाडीत भाजी लावायचे. महिन्यातून एकदा स्कूटरवरून यायचे, सासूबाईंच्या हातात वांग्यांची पिशवी द्यायचे आणि भिंतीत नवा खिळा ठोकलाय का ते बघत घरभर फिरायचे.

बाल्कनीच्या ग्रिलचा त्यांना फार अभिमान. जाड सळ्या, चारही बाजूंनी वेल्डिंग. आग लागली तर बाहेर पडायला त्यात एक दार करून द्या, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांना ते ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी मला समजावलं, की दार ठेवलं म्हणजे चोराला आमंत्रणच. जिन्याखालच्या मीटरच्या वायरी जुन्या झाल्यात, हेही मी बोलले. ते सोसायटीचं काम, असं म्हणून त्यांनी चहा मागितला.

एका दुपारी ते असेच चहा पीत बसले असताना खाली मोठा आवाज झाला आणि लाइट गेली. मी दार उघडलं तर जिन्यातून काळा धूर वर येत होता. दार लावून घेतलं, फटीत ओल्या चादरी कोंबल्या आणि आम्ही तिघं बाल्कनीत आलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना खुर्चीवर बसवलं. खाली रस्त्यावर गर्दी जमली होती. कुणीतरी हिंदीत ओरडून विचारलं, ग्रिल खुलता है क्या?

अंकलनी एकेक सळी धरून हलवून बघितली. त्यांचं काम पक्कं होतं, एकही हलली नाही. सासूबाई त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "अंकल, चोर आत येणार नाही हे खरं. पण आपण बाहेर कसं जायचं?"

अंकलनी कोपऱ्यातली सळी पुन्हा एकदा ओढून बघितली. मीही घाबरले होते, पण खोटं कशाला बोलू, मला जरा बरंही वाटलं.

फायर ब्रिगेडने मीटरची आग लवकर विझवली. धूर ओसरल्यावर दोन जवानांनी सासूबाईंना खुर्चीसकट खाली नेलं. कुणालाही इजा झाली नाही. अंकल गेटजवळच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून होते. मी पाणी दिलं, तेव्हा म्हणाले, "तू दोनदा बोललीस. मी ऐकलं न्हाय. चूक माझी हाय."

आठवड्यात वेल्डर आला. ग्रिलला आतून उघडणारं दार झालं, चावी शेजारच्या हुकावर लागली. घरातलं वायरिंग बदललं, स्वयंपाकघरात आग विझवायचा लाल सिलिंडर आला. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीटरच्या वायरींवरून अंकल एवढे भांडले, की सेक्रेटरी त्यांना जिन्यात बघून लिफ्टने जायला लागले. वायरी मात्र बदलल्या. इतर घरमालकांनाही ते गाठायचे. भाडं आपण घेतो तर जीवही आपणच सांभाळायचा, असं सांगायचे. काहींनी दारं करून घेतली, काहींनी नुसती मान डोलावली.

आमची मात्र सुटका नव्हती. दर महिन्याला अंकल यायचे, सोफ्यावर बसायचे आणि सासूबाईंना ग्रिल उघडून दाखवायला सांगायचे. चावी फिरवायला वेळ लागला की परत एकदा. सासूबाई वैतागायच्या, हा माणूस या वयात माझी परीक्षा घेतो म्हणायच्या. पण ते येणार असले, की त्या सकाळीच एकदा गुपचूप दार उघडून बघायच्या.