जिवंत माणसासाठी अडीच मीटर मांजरपाट

यंदाच्या उन्हाळ्यात बाबांच्या पाठीवर असं पुरळ उठलं की, खोटं सांगत नाही, पापड ठेवला असता तर दोन्ही बाजूंनी भाजून निघाला असता. डॉक्टरनं मलम दिलं आणि बजावलं, "अंगावर शुद्ध सुती कापड. दुसरं काही घालायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका." बाबांच्या जुन्या बंड्या विरून कधीच पोतेरं झाल्या होत्या. बाजारातल्या चकचकीत तयार बंड्यांनीच हा वणवा पेटवला होता. आता अडीच मीटर मांजरपाट हवा होता, म्हणजे ते जाडंभरडं, पिवळसर, कोरं सुती कापड.

मी हसलो. वर्धा जिल्ह्यात सुती कापड शोधायचं! दिवाळीनंतर आमच्याकडे गाड्यांतून इतका कापूस उडतो की रस्त्याकडेच्या बाभळींनाही बोंडं आल्यासारखी दिसतात.

शिवाय सेलूतलं कापडाचं दुकान माझ्या लहानपणीचं. पांढऱ्या गादीवर शेठ बसायचे. पोट असं की लोखंडी मीटर त्यावरच आडवा ठेवून कापड मोजत. बाबांचा त्यांच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता, आणि शेठनाही तो नको होता. ते ताक्यातून एक धागा ओढायचे, काडी पेटवून जाळायचे आणि बाबांच्या नाकाखाली धरायचे. "घ्या भाऊ वास." कागद जळल्याचा वास आला आणि बोटावर मऊ राख उरली, तर सुती. बाबा तीन-तीन धागे जाळायचे. त्यांनी जाळलेले धागे जोडले तर नागपूरला जाऊन परत येतील. मग शेठ कात्रीनं एक चीर द्यायचे आणि दोन हातांनी कापड फाडायचे. चर्रर्र! आमच्या गावात त्याहून सरळ काही नव्हतं, रस्ता तर नव्हताच. एकाच ताक्यातून आम्हा भावंडांचे कपडे, उशांचे अभ्रे आणि खिडकीचा पडदा निघायचा. एका दिवाळीला मी खिडकीशी उभा होतो, तर मायनं पडदा समजून मला बाजूला सारलं.

त्या गादीच्या जागी आता काचेचं कपाट आहे आणि शेठचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. म्हणाला, "काका, कापड कोण शिवून राह्यलं आता?" शंभर रंगांचं प्लास्टिक माझ्याकडे बघत होतं. मी वर्ध्याची बस धरली.

तिथं एक चार मजली शोरूम. आत एवढी थंडी की पुतळ्यांना सर्दी झाली असावी. मांजरपाट मागितला तर विकणारी मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, हा ब्रँड नाही आपल्याकडे." मग तिनं एक कुर्ता आणला. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'कॉटन फील'.

"म्हणजे?"

"सर, फील कॉटनचा आहे. कापड वेगळं आहे."

थू! उद्या खानावळवाला ताटात दगड वाढून म्हणेल, वांग्याचा फील आहे, चावा. मी बाहीचा एक धागा ओढला आणि लायटर लावला. तो जळला नाही, वितळला. काळा थेंब अंगठ्याला चिकटला आणि होळीत टायर टाकल्यासारखी घाण सुटली. हे बाबांच्या पाठीवर घालायचं? मला दारापर्यंत सोडायला दोन पहारेकरी आले. सासुरवाडीत कोणी इतकं हाताला धरून चालवलं नव्हतं.

आणखी सहा दुकानं पालथी घातली. कुठं शाळेचे गणवेश, कुठं 'एकावर एक फ्री'. हात लावावा तिथं तोच बुळबुळीत, निसटता स्पर्श, पालीच्या पोटासारखा. शेवटी एक ऑटोवाला म्हणाला, "मांजरपाट? तो तं मयतीच्या सामानाच्या दुकानात भेटते ना भाऊ."

गेलो. दारात बांबू, मडकी, गवऱ्या. दुकानदारानं आवाज खाली आणून विचारलं, "बॉडी घरी हाय का दवाखान्यात?"

"घरी हाय. वरण-भात जेवून राह्यली. बाबाच्या बंडीले कापड पाह्यजे."

त्यानं मला खालीवर पाहिलं, पण गठ्ठा काढला. मी धागा जाळला. कागदाचा वास! बोटावर राख!

"तुमच्यापाशीच सुती काऊन आहे?"

"मंधात पॉलिस्टर ठेवलं होतं भाऊ. सरणावर वितळून अंगाले चिकटलं. लोकं मले मारायले धावले. तवापासून शुद्ध."

मी अडीच मीटर कापड फाडून घेतलं. पिकवायचं आम्ही, आणि नेसायला मिळण्यासाठी आधी मरायचं! मेलेल्याला चिकटलं तर लोक मारायला धावतात. जिवंत माणसाला रोज चिकटतं, तर त्याला फॅशन म्हणतात.

घरी मी थाप मारली, नागपूरहून मागवलं म्हणून. मायनं कापडाची घडी ओळखली आणि उचलून कुंपणावर फेकली. "अजी, यानं मयतीचं कापड आणलं घरात! जिवंत माणसाले घालतेत का हे?"

बाबा उघड्या पाठीनं खाटेवर बसून झाडूच्या काडीनं खाजवत होते. म्हणाले, "मेलेल्याले खाजत नाई. मले खाजते. शिव."

मायनं ते तीनदा उकळलं, वर तुळशीचं पाणी शिंपडलं, आणि मशीनवर बसून मला शिव्या देत देत दोन बंड्या शिवल्या. पाचव्या दिवशी दुपारी बाबा महिन्याभरानं पहिल्यांदा पाठीवर उताणे झोपले आणि असे घोरले की शेजारच्यांची कोंबडी अंड्यावरून उठली.

माय बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग काखेत रुतलेल्या ब्लाउजची बाही ओढत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्या दुकानात रंगीत नसन ना?"

"नाई वं माय. तिथचं गिऱ्हाईक रंग मागत नाई."

"मंग पांढरंच आनजो," ती म्हणाली. "रंगवीन मी घरी."