बाबांचा साधा टीव्ही

"बाबांची तब्येत जराशी नरम हाय, निंघून ये," असं शेजारच्या कुसुमकाकू फोनवर म्हणाल्या आणि मी काय ते समजले. नरम तब्येतीसाठी काकू सकाळी सातला फोन करणार नाहीत, आणि केलाच तर 'चहा झाला का' विचारल्याशिवाय राहणार नाहीत. पुण्याहून खामगावला पोचेपर्यंत कुणीच खरं सांगितलं नाही... संशय घ्यायची ही सवय बाबांचीच.

बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. गाडीवर वरून पांढराशुभ्र माल दिसला की ते खांद्यापर्यंत हात आत घालत आणि तळाचा ओला कापूस मुठीत धरून बाहेर काढत. तो मालकापुढे धरत. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या, पारख तशीच राहिली. भाजीवाली, डॉक्टर, बँकेतली अति गोड बोलणारी मुलगी, त्यांच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. मी तर नाहीच.

आई गेल्यानंतर जुना टीव्ही बंद पडला, तेव्हा मी त्यांना दुकानात घेऊन गेले. मला स्मार्ट टीव्ही घ्यायचा होता. दुकानदारानं धबधबे, रंगीबेरंगी पोपट, काय काय दाखवलं. बाबा म्हणाले, "भाऊ, हे वरचं राहू द्या. साध्या बातम्या लावा." मी मध्ये पडले. म्हटलं, बाबा, याला मोबाईल जोडला की मी एवढी मोठी दिसेन, रोज समोरासमोर बोलता येईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... त्या नजरेपुढे गाडीवाले घाम पुसत.

"माय, खरं सांग. यात दिसाले लागली, मंग घरी येशील?"

"बाबा, काहीतरीच काय!"

"कुसुमबाईचा पोरगा टीव्हीत येऊन राह्यला, तवापासून दारात नाही आला. ते बिचारी टीव्हीपुढं चिवड्याची बशी धरते अन् म्हणते, घे रे बाळा. मले साधाच पाह्यजे."

मला राग आला, कारण त्यांनी मला बरोबर पकडलं होतं. त्या दिवाळीला जायचं नाही, हे मी मनात ठरवूनच टाकलेलं होतं. साधा टीव्ही घरी आला आणि मला दर दोन-तीन महिन्यांनी खामगावची बस धरावी लागली.

पण जावं तेव्हा बाबा आपले बातम्या लावून बसलेले. चहा झाला, बातम्या. जेवण झालं, बातम्या. मी एवढ्या लांबून यायचं आणि यांनी पुढाऱ्यांची भांडणं बघायची? यांना मुलगी पाहिजे होती की नुसता आपला हट्ट खरा करायचा होता, अशी शंका मला दर वेळी यायची. मीही शेजारच्या खुर्चीत बसून राहायचे. आईबद्दल बोलायचं होतं, माझ्या घरातलं एक दुखणं सांगायचं होतं. पण त्यांच्या बातम्या मोडायला नकोत, म्हणून गप्प.

तेरावं झाल्यावर घर आवरताना मी काकूंना म्हटलं, "हा टीव्ही तुम्हीच ठेवा. बाबांचा फार जीव होता याच्यावर."

"कायचा जीव?" काकू म्हणाल्या. "तू आली का लावत. एरवी बंदच राहे. म्हणत, पोरीले इथं करमत नाही, टीव्ही नसला त दुसऱ्याच दिवशी जाईल निंघून."

मी रिमोट हातात घेतला. अगदी नव्यासारखा होता, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. माझ्या गप्प बसण्याला बाबा फसले आणि त्यांच्या बातम्यांना मी. काकू निघून गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि खूप रडले. शेवटच्या भेटीत, त्यांना नीट ऐकू येत नसेल असं वाटून, मीच म्हणाले होते, "बाबा, आवाज जरा वाढवा ना."

त्यांनी वाढवला... लगेच.